फुंकणीचा आकडा

सकाळी सव्वादहा वाजता मेट्रनबाईंच्या खोलीत फुंकणीवर अठराचा आकडा उमटला आणि सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

अठरा! अहो, हवा होता सहाच्या आत. एक्केचाळीस दिवस जो आकडा दोन-तीनच्या वर ढिम्म हलला नव्हता, तो बेचाळिसाव्या दिवशी, नेमका कागदावर चढायच्या दिवशी अठरा? सिस्टरने यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. "काका, परत एकदा फुंका." घड्याळकाकांनी छाती भरून श्वास घेतला, पंधरा सेकंद रोखला आणि नळीत सोडला. एकोणीस.

यंत्रच बिघडलं असेल म्हणून सिस्टरने नळी बदलून स्वतः फुंकून पाहिलं. आला एक. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं, आणि ते तर आणखी वाईट झालं.

फुंकणी हे वॉर्डाने ठेवलेलं नाव. यंत्र तळहाताएवढंच, पण माणसाच्या श्वासात सिगरेटच्या धुराचा विषारी वायू किती उरलाय ते घडाघडा सांगणारं. तोंडाने कुणी काहीही सांगो, फुंकणीपुढे कुणाची मात्रा चालायची नाही. सिस्टरनेच हट्टाने ते मागवून घेतलं होतं. आता तेच तिच्यावर उलटलं होतं.

"मी नाही ओढली," काका म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या बरं का. पण तीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढलेल्या बाईने किती शपथा ऐकल्या असतील! "दोन वाजता वसतिगृहाच्या बाई यायच्यात. मी आहे तो आकडा लिहिणार."

आकडा गेला म्हणजे खोली गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला बऱ्या झालेल्या लोकांसाठी एक वसतिगृह होतं. आठच खोल्या, आणि त्यातली एक रिकामी झालेली. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली, खिडकीखाली टेबल. पूर्वी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला आणखी काय हवं! काकांच्या डोक्यातले आवाज केव्हाच थंडावले होते, गोळ्या लागू पडल्या होत्या, पण घरचं कुणी उरलं नव्हतं. जायला जागा नाही म्हणून माणूस अकरा वर्षं वॉर्डात पडून. वसतिगृहाची अट एकच, बेचाळीस दिवस सिगरेट बंद आणि शेवटच्या दिवशी सकाळी दहानंतर मेट्रनसमोर घेतलेला आकडा सहाच्या आत. मागे कुणीतरी पेटती सिगरेट गादीवर टाकून अर्धा मजला जाळला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यांचं तसंच झालेलं. ही खोली हुकली तर पुढची केव्हा रिकामी होईल, कुणी सांगावं?

सिस्टर काकांना घेऊन वॉर्डात आली, आणि आली ती भडकूनच.

"कुणी दिली? कुठे ओढलीत? खरं सांगा!" तिने उशी झटकली, गादी उलटी केली, बूट पालथे केले, काकांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिशात निघाला एक कंगवा. काका हात बाजूला धरून उभे राहिले, झडती घेणाऱ्यांची सवय असलेला माणूस उभा राहतो ना, तसे. ते पाहून तरी तिने थांबायला हवं होतं. नाही थांबली. "बेचाळीस दिवस! एक दिवस, फक्त एक दिवस धीर धरवला नाही?"

"पुरावा कुठाय?" पलीकडच्या खाटेवरून वकीलसाहेब गरजले. हे काही खरे वकील नव्हेत, पण वॉर्डात कुणाचंही भांडण असो, वकीलपत्र यांच्याकडेच. "पुराव्याशिवाय आरोप म्हणजे अब्रुनुकसानी! मी हरकत घेतो!"

"तुम्ही जरा गप्प बसा हो!"

सिस्टरचा संताप काकांवर होता म्हणता? अर्धा स्वतःवर होता. त्या वॉर्डात सिगरेट शिकवली कुणी? नर्सांनीच की! गोळी गिळून जीभ दाखवली, घे सिगरेट. आंघोळ केली, घे सिगरेट. कालच्यासारखा आरडाओरडा केला नाही, ही घे एक जास्तीची. रुग्णांजवळ काडेपेटी नको म्हणून लायटर नर्सच्या खिशात, आणि दिवसातून चार वेळा, सात, अकरा, चार, आठ, तिच्यापुढे रांग. घड्याळकाका आले तेव्हा ओढतसुद्धा नव्हते. रांगेत सगळे उभे राहतात म्हणून उभे राहिले आणि तिथेच लागली. त्यांची पहिली सिगरेट याच सिस्टरने पेटवून दिली होती. तेव्हा ती नवीन होती, शिकवलं तसं करत होती. पण पुढे काकांचा रात्रभरचा खोकला ऐकताना तिला ते काही केल्या विसरता येईना. म्हणूनच तिने हे सगळं अंगावर घेतलं होतं. दंडावर निकोटीनच्या पट्ट्या, रोज साडेसहाला फुंकणी, भिंतीवर आकड्यांचा तक्ता. आणि सिगरेटच्या त्या चार वेळा हात रिकामे राहू नयेत म्हणून चारही वेळा पेलाभर गरम दूध. कल्पना तिचीच. आज तर शेवटचा दिवस म्हणून सकाळी सातला तिने काकांना आनंदाने दोन पेले दिले होते.

मावशी फरशी पुसत पुसत जवळ आल्या. मावशी म्हणजे वॉर्डाच्या सफाईवाल्या. त्यांच्या नजरेतून माशी सुटत नसे.

"ओढतील कुठून?" त्या म्हणाल्या. "साडेनवापासून संडासाला तिसऱ्यांदा गेले. तिन्ही वेळेला मी बाहेर बादली घेऊन उभी. धुराचा वास मला कळत नाही होय? आतून नुसता तोफखाना! रोजचंच आहे त्यांचं. दूध प्यायले की दोन-तीन तासांत पोट डम्म. आज दोन पेले, म्हणजे दुप्पट दारूगोळा."

"मावशी! इथे माझा जीव चाललाय आणि तुम्हाला पोटातला वारा सुचतोय?"

बोलली आणि थबकली. रोज... दूध प्यायले की... दोन-तीन तासांत.

सिस्टरने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. एक्केचाळीस आकडे, सगळे सकाळी साडेसहाचे. सगळे दुधाच्या आधीचे! आजचा एकच सव्वादहाचा, दुधानंतरचा. पोटात वारा धरतो, पण सगळाच काही खालून जात नसेल. थोडा रक्तात, रक्तातून छातीत, छातीतून श्वासात...

"अगं बाई!" सिस्टर ओरडली आणि भांडारखोलीकडे पळत सुटली. सिस्टर पळाली की वॉर्डात काहीतरी पेटलेलं असतं किंवा कुणीतरी पडलेलं असतं, त्यामुळे निम्मा वॉर्ड तिच्यामागे. तिने कपाट उघडलं, फुंकणीचा खोका खाली ओढला, तळाशी घडी पडलेली माहितीपुस्तिका सापडली. आल्या दिवशी पहिली दोन पानं वाचून तिने ती आत टाकली होती. पान तीन, पान सात, पान अकरा. अकराव्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या पोटात तयार होणारा वायू श्वासात उतरतो, आणि यंत्र त्यालाच धुराचा वायू समजल्याने आकडा वाढू शकतो.

काखेत कळसा अन् गावाला वळसा! सिस्टरने ती ओळ मोठ्याने वाचली. मग आणखी मोठ्याने वाचली. मावशींनी कमरेवर हात ठेवले. "मी सांगत होते तेव्हा वारा, आणि पुस्तकात छापलं की शास्त्र!"

वकीलसाहेबांनी पुस्तिकेला हात लावून पाहिला. "हा पुरावा आम्ही दाखल करून घेतो."

काका खिडकीशी, बाहेर तोंड करून बसले होते. अकराचा पेला शेजारी तसाच, वर साय धरलेली. सिस्टर त्यांच्यासमोर खाली फरशीवरच बसली.

"काका, तुम्हाला दूध पचत नाही?"

"लहानपणापासून नाही."

"बेचाळीस दिवस पोट दुखत होतं?"

"दुखायचं थोडं."

"अहो, मग पित कशाला होतात! नको म्हणायचं ना!"

काका खिडकीबाहेरच बघत म्हणाले, "सिगरेट पेटवून द्यायचात तेव्हा तुमचं लक्ष रांगेत पुढे कोण आहे तिकडे असायचं. दूध द्यायला लागलात तेव्हापासून पेला संपेपर्यंत समोर बसायचात. रात्री कसं वाटलं, स्वप्न काय पडलं, विचारायचात. दूध नको म्हटलं असतं तर बसला असतात का, काय माहीत."

सिस्टरचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत.

"मी तुमचे खिसे तपासले," ती म्हणाली. "चुकलं माझं. विचारायला हवं होतं, आणि तुम्ही सांगितल्यावर ऐकायला हवं होतं. चुकलंच काका."

"असू दे," काका म्हणाले. "कंगवा तेवढा परत द्या."

मेट्रनबाईंनी अकरावं पान चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. "वाढू शकतो असं लिहिलंय. वाढलाच असं नाही. पण..." त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन वाजेपर्यंत मी रकाना कोरा ठेवते. त्या बाईंना काय पटवायचं ते तू पटव."

वसतिगृहाच्या बाई दोनच्या ठोक्याला हजर. करड्या केसांच्या, हातात फाइल, बोलणं तोलून मापून. सिस्टरने एका दमात सगळं सांगितलं, दूध, पोट, वायू, पान अकरा. मग काकांनी फुंकलं. चार!

"बघा!" सिस्टरने टाळीच वाजवली. "सकाळपासून दूध नाही, आकडा खाली!"

"सिस्टर, रागावू नका," बाई शांतपणे म्हणाल्या. "सिगरेटचा वायूही दिवसभरात उतरतोच. सकाळी एक ओढली असती तरी आत्ता आकडा उतरलेला दिसला असता. मला सात जणांच्या जिवाची काळजी आहे. आकडा उतरला यावरून मी काय समजू?"

मुद्दा बिनतोड होता. सिस्टरचा चेहरा क्षणभर पडला. आणि मग तिच्या डोक्यात जे आलं, त्याने तीच उडाली.

"उतरला यावरून काही कळत नाही ना? मग चढवून दाखवते!"

"म्हणजे?"

"तुमच्यासमोर दूध पाजते. तुम्ही इथेच बसा, काकाही इथेच बसतील, नजरेआड होणार नाहीत. सिगरेट नाही, काही नाही, नुसतं दूध. आकडा चढला तर मानाल?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. "पाचला मला निघावंच लागेल."

"काका," सिस्टर हळूच म्हणाली, "पोट दुखेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरं काहीतरी शोधीन."

"किती पेले?" काकांनी विचारलं. "दोन द्या. सकाळी दोनच होते."

वॉर्डाच्या जेवणघरात टेबल मांडलं. वकीलसाहेब उठून पुढे आले. "आम्हीही दोन पेले घेणार. आम्हाला दूध पचतं. यांचा चढला आणि आमचा नाही चढला, तर निकाल स्पष्ट. नाहीतर म्हणाल, दुधाने सगळ्यांचाच चढतो." बाई पहिल्यांदाच हसल्या. पॉइंट पक्का होता. अडीच वाजता दोघांनी पेले रिकामे केले, वकीलसाहेबांनी मिशा पुसल्या.

तीन वाजता काका चार, वकीलसाहेब दोन. साडेतीनला काका चार, वकीलसाहेब दोन. भिंतीशी रांगेने उभ्या राहिलेल्या वॉर्डाने एकदम उसासा टाकला. मेट्रनबाई काम आहे म्हणून गेल्या होत्या, त्या काम नाही म्हणून परत आल्या. सिस्टर बसेना की उभी राहीना. चारला काका पाच.

"पाच!" मावशी म्हणाल्या. "चढला की!"

"एकाने काय होतंय?" सिस्टर पुटपुटली. न चढला तर? पुस्तिका चुकीची निघाली तर? आपल्याच हाताने आपण त्या माणसाला खोटं ठरवलं असं होणार! वाढू शकतो, मेट्रनबाई म्हणाल्या होत्या. शकतो.

सव्वाचार. काकांच्या पोटातून आवाज आला. साधासुधा नाही, जिन्यावरून कुणीतरी रिकामा पिंप सोडून द्यावा तसा. एरवी या आवाजावर वॉर्ड खोखो हसायचा. आज कुणी हसलं नाही. "आला!" वकीलसाहेब कुजबुजले. "साक्षीदार आला!"

साडेचारला काकांनी नळी तोंडाला लावली. कपाळावर घाम, एक हात पोटावर, पण श्वास पुरा सोडला. आकडा हलला. सहा... सात... नऊ... अकरा!

मग काय विचारता! एक्केचाळीस दिवस जी माणसं "खाली! खाली!" म्हणून ओरडायची, ती आता "चढ! चढ! चढ!" म्हणून ताल धरून ओरडायला लागली. मावशी बादली वाजवत होत्या. वकीलसाहेबांनी फुंकलं, दोन. पुन्हा गलका. पावणेपाचला काकांनी परत फुंकलं आणि आकडा थेट सतरावर जाऊन उभा राहिला. सिस्टरने मेट्रनबाईंना मिठीच मारली. तीस वर्षांत मेट्रनबाईंना कुणी मिठी मारली नसावी, पण त्याही सोडवून घ्यायचं विसरल्या.

बाईंनी यंत्र हातात घेऊन सतराकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या दोनवाल्या वकीलसाहेबांकडे. फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"पटलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरं बोलत होतात. आता एकच विचारते, हे सगळ्यांनाच विचारते. सिगरेट ओढावीशी वाटते का अजून?"

हातात पेन धरून विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे वॉर्डातल्या प्रत्येकाला पाठ असतं. नाही म्हणायचं. आवाज ऐकू येतात का? नाही. झोप लागते का? हो. नाही म्हणा, काका, नाही म्हणा!

"वाटते," काका म्हणाले. "रोज वाटते. आत्ता तर फारच वाटतेय."

बादली थांबली. वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला.

"मग काय करता?" बाईंनी विचारलं.

"कुणाला तरी सांगतो. सिस्टर असतात, मावशी असतात. वाटतंय म्हणून सांगितलं की ते समोर बसतात, दहाएक मिनिटं काहीतरी बोलतात, तेवढ्यात ती वेळ निघून जाते." काकांनी पोट दाबून धरत श्वास घेतला. "तिथे खोली छान आहे म्हणतात. दार आहे, किल्ली आहे. पण ती वेळ आली की कुणाचं दार वाजवायचं, तेवढं मला आधी दाखवून ठेवा."

बाईंनी फाइलमध्ये सही केली, तिथेच उभ्या उभ्या, आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"माझं," त्या म्हणाल्या. "तळमजला, जिन्याला लागून पहिलं. केव्हाही वाजवा."

काका उठले. काहीतरी बोलणार होते, ओठ हलले, पण पोटाने दम धरला नाही. "आलोच," म्हणत ते संडासाकडे सुसाट पळाले आणि सबंध वॉर्ड टाळ्या वाजवत त्यांना दारापर्यंत पोचवायला गेला. सिस्टर तेवढी मागे राहिली. टेबलावर डोकं टेकून ती रडत होती आणि हसतही होती. वसतिगृहाच्या बाईंनी पाचची गाडी सोडून दिली, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसल्या.